हरिश्चंद्रगड, एका शनिवारी आणि परत रविवारी

कोकणकड्यावरून इंद्रवज्र बघायचं हे खूळ मूळचं माझं नाही, भाच्याचं. वय वर्षं एकोणीस, त्याने कुठेतरी एक फोटो बघितला, खाली दरीत धुकं, धुक्यात गोल इंद्रधनुष्य, पूर्ण गोल बांगडीसारखं, आणि त्याच्या मधोमध फोटो काढणाऱ्याची स्वतःची सावली. मला पाठवला आणि खाली एकच शब्द, "जायचं?" आता मी पंचेचाळीस ओलांडलेला माणूस, गुडघ्याला कॅप घालून जिना उतरणारा, पण "नाही" लिहायच्या आधी तो फोटो पाच मिनिटं बघत बसलो आणि तिथेच फसलो.

तिसरा गडी माझा मित्र, दाताचा डॉक्टर, त्याला कुठेही चल म्हटलं की तो पहिलं विचारतो जेवायला काय मिळतं. पिठलं-भाकरी म्हटल्यावर तयार.

दिवस ठरवण्यावरून बरीच डोकेफोड झाली. जुलै-ऑगस्टमध्ये कडा सतत ढगात असतो, पश्चिमेचा वारा थांबतच नाही, नाकासमोरचा माणूस दिसत नाही. हिवाळ्यात हवा स्वच्छ पण दरीत धुकंच नाही मग वज्र उमटणार कशावर. म्हणजे धुकं पाहिजे पण ते खाली दरीत पाहिजे, वर ऊन पाहिजे आणि ते पाठीमागून पाहिजे. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा, त्यामुळे सूर्य पाठीशी हवा तर सकाळच हवी, संध्याकाळी कितीही सुंदर उघडलं तरी उपयोग शून्य. असं सगळं जुळून यायची शक्यता पाऊस परतीला लागतो त्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. आम्ही गणपती उरकून पितृपक्षातला शुक्रवार ते रविवार धरला, उत्तरा नक्षत्र चालू होतं. आई म्हणाली पितृपक्षात कुठे डोंगरात जाताय, डॉक्टर म्हणाला काकू पितरांना पण जरा वरून जवळ पडेल. आई हसली नाही.

शुक्रवार

डोंबिवलीहून पहाटेची कसारा लोकल. बसायला जागा मिळाली हाच शुभशकुन मानला. मोबाईलमधलं ॲप म्हणत होतं तीन दिवस "हलक्या सरी", दुसरं ॲप म्हणत होतं "वादळी पाऊस", हवामान खात्याचा घाटमाथ्याला येलो अलर्ट. भाच्याने तिन्हींची सरासरी काढली आणि पोंचो बॅगेच्या तळाला टाकला. आसनगाव जाईपर्यंत कडक ऊन, आटगावला काळोख करून सर आली, खर्डीला परत ऊन. खिडकी उघड-बंद करून खिडकीतले काका वैतागले आणि शेवटी तोंडावर पाणी घेतच झोपले.

कसाऱ्याला स्टेशनबाहेरून जीप, घाट चढून इगतपुरी, घोटी, मग उजवीकडे बारीच्या रस्त्याला. हा रस्ता मला आख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात जास्त आवडतो. बारीला कळसूबाईचा पायथा, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर, पण त्या दिवशी कंबरेच्या वर बाई दिसलीच नाही. ढगाचा पदर घेतलेला. पुढे शेंडी म्हणजे भंडारदरा, तिथलं 1926 साली पुरं झालेलं धरण, मग रंधा, मग राजूर. ड्रायव्हरने रंध्याला थांबतो म्हणून विचारलं, डॉक्टर म्हणाला धबधबे वर फुकट आहेत, आधी नाश्ता.

राजूरला मिसळ आणि पेढे. राजूरचे पेढे ज्याने खाल्ले नाहीत त्याच्याशी मी वाद घालत नाही. अर्धा किलो परतीला घ्यायचे ठरलेले होते, डॉक्टरने पाव किलो "सँपल" म्हणून जातानाच घेतले आणि पाचनईपर्यंत संपवले.

राजूर ते पाचनई रस्ता अरुंद, खड्डे मोजायच्या पलीकडचे. पण दोन्ही बाजूला भातखाचरं, भात निसवायला आलेलं, बांधावर पिवळी खुरासणी नुकती फुलायला लागलेली आणि मध्येच डांगी गाई, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या, भर पावसात रस्त्याच्या मधोमध उभ्या. डांगी जनावराला पावसाचं काही वाटत नाही, त्याच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाणी निथळून जातं. आमच्या जीपने हॉर्न दिला, तिने मान वळवून बघितलं आणि परत रवंथ. तीन हजारांचं जॅकेट घालून मी जीपमध्ये बसल्या जागी ओला झालो होतो, खिडकीच्या रबरातून गळत होतं.

पाचनईत ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या घरात बाबा, मावशी आणि त्यांचा मुलगा, त्याला सगळे दादा म्हणतात, मग आम्हीही दादाच म्हणायला लागलो, जरी तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असला तरी. पोचलो तेव्हा दुपारचे अडीच. मी उत्साहात म्हटलं आत्ता लगेच निघालो तर संध्याकाळपर्यंत कड्यावर जाऊन येता येईल का. बाबा ओसरीवर बसून दोरी वळत होते, त्यांनी वर बघितलंच नाही. "आवो, आता जाऊन काय बघनार. वारा कोकनातून वर येतोय. तवर कडा दिसत नाय. देशाकडचा वारा फिरला म्हंजी उघडंल." कधी फिरेल? "त्याला इचारलं पायजे."

संध्याकाळी गावात नुसते भटकलो. देवळात, नदीवर, एका घरी बियाणांची मडकी बघत. बीजमाता म्हणून ज्यांना पद्मश्री मिळाली त्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या, त्यामुळे इकडे जुन्या बियाण्याचा विषय काढला की लोक हातातलं काम टाकून बोलतात. काळभात नावाचं वाण दाखवलं, लोंबी काळी, आतला तांदूळ पांढरा, शिजताना वास असा की शेजारच्याला कळतं. रात्री तोच भात. आणि हुलग्याची शेंगोळी, बोटाएवढी, लसणाच्या रस्श्यात उकळलेली. बाहेर धो धो. डॉक्टर तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाला, वज्र नाही दिसलं तरी माझी ट्रिप झाली.

शनिवार

पहाटे चारला उठायचं होतं. चारला पत्र्यावर असा आवाज होता की गजर ऐकूच आला नाही. सहाला उठलो, सरी चालूच, साडेसातला अचानक लख्ख उघडलं. समोर कडा, त्यावरून सुटलेल्या पाण्याच्या धारा मोजल्या तर अकरा, मग भाचा म्हणाला ती अकरावी विजेची तार आहे. निघालो. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, 1986 पासूनचं.

पाचनईची वाट गडाच्या सगळ्या वाटांत सोपी, वर देवळापर्यंत अडीच तास धरायचे. खिरेश्वरकडून तोलार खिंडीने येणारी वाट लांब पडते आणि धुक्यात फसवते, तिकडे वाट चुकून लोक रात्रभर अडकल्याच्या बातम्या पावसाळ्यात येत असतात. नळीची वाट कोकणातल्या बेलपाड्याहून थेट कड्याच्या बाजूने वर येते, ती आमच्यासारख्यांनी फोटोत बघायची. तर पाचनई. सुरुवातीला झाडीतून चढ, मग ती प्रसिद्ध कातळभिंत, डोक्यावर पुढे आलेली, वाट तिच्या पोटाखालून आडवी जाते. रेलिंग लावलंय. वरून पडणारं पाणी आपल्या पलीकडे पडतं आणि आपण पाण्याच्या पडद्याच्या आतल्या बाजूने चालतो. डॉक्टरने छत्री आणली होती, आम्ही निघाल्यापासून तिची टिंगल करत होतो, पण त्या भिंतीखाली जिथे जिथे छत गळत होतं तिथे तो पठ्ठ्या कोरडा आणि आम्ही दोघं पोंचोच्या आत घामाने चिंब. बाहेरून ओलं की आतून ओलं एवढाच फरक, पोंचोवाल्यांनी मान्य करायला हवं.

वाटेत पाऊस किती वेळा आला हे मी मोजत होतो, सातव्यानंतर सोडलं. पाऊस दहा मिनिटांचा पण मनापासून, मग पाच मिनिटं ऊन, त्या उन्हात अख्ख्या डोंगरातून वाफा, मग परत वारा थंड व्हायचा आणि दादा न बघता म्हणायचा "आला". आणि यायचा. तेरडा सगळीकडे, गुलाबी, पठारावर सोनकी सुरू झालेली, पिवळी, आणि ओल्या कातळावर ती निळी-जांभळी सीतेची आसवं. दिसायला नाजूक, पण ही झाडं किडे खातात, मुळाशी बारीक पिशव्या असतात, पाण्यातले जीव त्यात ओढले जातात. भाच्याला हे सांगितल्यावर तो त्याच्यावर पाय न देता चालायला लागला, आदराने की भीतीने माहीत नाही.

ओढा ओलांडून दहा-सव्वादहाला देवळापाशी. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ सुमारे 16 मीटर उंच, खालपासून वरपर्यंत कोरीव, आणि चारी बाजूंनी कातळ खोदून केलेला चौक, त्यात भिंतीत खोदलेल्या खोल्या आणि पाण्याची टाकी. चांगदेवांनी इथं तप केलं असं सांगतात. शेजारी सप्ततीर्थ पुष्करणी. तिथून थोडं खाली केदारेश्वराची लेणी. आत मोठं शिवलिंग, भोवती पाणी, एरवी कमरेपर्यंत आणि बर्फासारखं गार, लिंगाच्या चार कोपऱ्यांना चार खांब होते, त्यातला एकच शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगं, तीन मोडली, चौथा पडला की जग बुडणार असं गाइड लोक सांगतात. त्या दिवशी ओढा थेट लेण्यात शिरलेला, आत जायचा प्रश्नच नव्हता. आम्ही दारातून बॅटरी मारली. खांब आहे. हुश्श.

कोकणकडा तिथून आणखी अर्धा-पाऊण तास. मध्ये कारवीची झुडपं, चिखल, आणि ढग. म्हणजे ढग वर नव्हता, आम्ही त्याच्यात होतो. दादा पुढे, त्याच्या पाठीवरची निळी प्लास्टिकची खोळ दिसतेय तोवर चालायचं. एका ठिकाणी तो थांबला आणि म्हणाला, "आलं. आता हितून म्होरं बसून सरकायचं, मंग पोटावर."

पोटावर झोपून डोकं बाहेर काढलं तर समोर, खाली, बाजूला, सगळीकडे पांढरं. काहीच नाही. कोकणकडा हा नुसता सरळ नाही, आत वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा, वरची कड पुढे आणि खालचा भाग आत, त्यामुळे छातीखाली दगड आणि हनुवटीखाली एकदम हवा. दिसत काही नसलं तरी ते पोटाला कळतं. खालून वारा असा येत होता की भाच्याने टाकलेलं कारवीचं पान खाली गेलंच नाही, त्याच्या कानावरून मागे उडून डॉक्टरच्या छातीवर येऊन बसलं. आणि पाऊस खालून वर. शपथेवर सांगतो, माझ्या नाकपुड्यांत खालून पाणी गेलं. डॉक्टरने छत्री मिटून बॅगेखाली दाबून ठेवली होती, तेवढी अक्कल त्याला होती.

दोन-अडीच तास बसलो. मधल्या वेळात मी भाच्याला साइक्स साहेबाची गोष्ट सांगितली. कर्नल साइक्स, कंपनी सरकारचा माणूस, मोजमापं-आकडेवारी-पक्षी सगळ्यातच रस, एका चंडोलाला त्याचं नाव आहे, त्याने इथून हे गोल इंद्रधनुष्य बघून लिहून ठेवलं. नेटवर सगळीकडे 1835 साली दिसलं असं असतं, पण साहेब 1831 लाच इकडून परत गेला होता, 1835 हे त्याचा हवामानावरचा निबंध लंडनला छापून आला ते साल. भाचा म्हणाला, मामा त्याला किती दिवसांनी दिसलं? हा प्रश्न मला आवडला नाही.

दीडला उठलो. कुडकुडत होतो तिघंही. देवळाजवळच्या टपरीत लिंबू सरबत सोडून सगळं मागितलं, कांदाभजी, चहा, परत चहा. भजी ओल्या हाताने खाताना डॉक्टर हळूच म्हणाला, उद्या सकाळी सरळ राजूर आणि पेढे, काय? मी काही बोललो नाही.

आणि उतरताना तो ओढा.

सकाळी घोट्याइतकं पाणी होतं, दगडांवर पाय देत आलो होतो. आता त्याच जागी चहाच्या रंगाचं पाणी उड्या मारत चाललेलं. तासाभरापूर्वी वर कुठेतरी जोरदार सर झाली असणार, गडाच्या माथ्यावर सगळा कातळ, मुरायला माती नाही, पडलं की सरळ ओढ्यात. हीच मंगळगंगा, गडावर उगम पावते, आणि उगमाजवळच एवढा माज. पलीकडे दहा-बारा पोरांचा एक ग्रुप होता, त्यांच्यातला एक जण हात धरून साखळी करायची असं ओरडत होता. दादाने नुसता हात वर करून "बसा" अशी खूण केली आणि स्वतः बसला. मग आम्हाला पाण्यातला एक दगड दाखवला. दगड कुठला, नुसता पाण्याला आलेला फुगवटा. "त्याचा कान दिसला म्हंजी निघायचं."

पन्नास मिनिटं आम्ही तो दगड बघितला. मी आयुष्यात कुठल्या दगडाकडे एवढा वेळ बघितलेलं नाही. आधी फुगवट्यावर फेस यायला लागला, म्हणजे पाणी पातळ झालं. मग फेसाच्या मध्ये काळा ठिपका, एकदा दिसायचा, लाट आली की जायचा. मग तो ठिपका जाईना. मग त्याच्या बाजूला अडकलेली एक काटकी दिसली, ती थरथरत होती, मग तिचं थरथरणं कमी झालं. पाणी आता तपकिरीचं राखाडी. शेवटी दगडाचं वरचं टोक, खरंच कानासारखं, एका बाजूला दुमडलेलं, सगळं बाहेर आलं आणि त्यावर ओला पट्टा उरला, पाणी कुठवर होतं ते दाखवणारा. "चला." पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं तरी ओढ एवढी होती की काठी टेकवली की वाजायची. साखळीवाली पोरंही मुकाट बसून राहिली होती, तीही मग आली.

ह्या पाण्यात माझ्या उजव्या बुटाचा सोल सुटला. पूर्ण नाही, पुढून, जबडा उघडल्यासारखा. दाताच्या डॉक्टरने तपासणी करून सांगितलं, काढावा लागेल.

घरी आलो तेव्हा सहा वाजले होते. मावशींनी कपडे चुलीच्या वरच्या दोरीवर टाकले, बूट चुलीच्या कडेला उपडे, आत वर्तमानपत्राचे बोळे. सात वाजता मी ओसरीवर आलो तर बाबा अंगणात उभे, तोंड वर. वारा नव्हता. म्हणजे दिवसभर जो अंगाला चिकटून बसला होता तो नव्हताच. मग मागून, म्हणजे घराच्या परसाकडून, एक गार झुळूक आली, कोरडी. बाबा म्हणाले, "फिरला." आणि आत जेवायला गेले. जेवताना म्हणाले, भाताला अजून एक चांगला पाऊस पाहिजे, न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा, तेव्हा तुमच्यासाठी उघडलं तरी एका सकाळपुरतंच उघडो. मी म्हटलं बाबा मला एक सकाळच पाहिजे.

डॉक्टर ताटावरून न उठताच म्हणाला, मी येणार नाही. साडेनऊला झोपताना म्हणाला, किती वाजताचा गजर लावलास?

रविवार

तीनला उठलो, चार वाजता निघालो. चांदण्या! पितृपक्षातला चंद्र, उशिरा उगवलेला, झाडांमागे. माझा बूट सुतळीने बांधलेला, दादाने तीन वेढे देऊन गाठ वरच्या बाजूला मारली होती, खाली मारली तर दगडावर घासून तुटते म्हणे. हेडटॉर्चच्या उजेडात बेडकं आणि खेकडे, कातळभिंतीखाली पाण्याचा आवाज कालच्या निम्मा. काल जी वाट सात-आठ पावसांत चढलो ती आज अंधारात कशी पटकन संपली कळलं नाही, गुडघा मात्र प्रत्येक पायरीला हजेरी देत होता. ओढ्यात कालचा दगड कमरेपर्यंत बाहेर, कान वाळलेला. भाच्याने जाता जाता त्याला टपली मारली.

देवळापाशी पावणेसात. न थांबता पुढे. कारवीत दव, पाय भिजले तेवढेच.

सव्वासातला कड्यावर आलो आणि आधी कुणी काही बोललंच नाही. काल जिथे पोटावर झोपून पांढरं बघितलं होतं तिथे कडा होता. पूर्ण. डावीकडून उजवीकडे अर्धं भांडं कापून ठेवल्यासारखा वळलेला, काळा, मध्ये गवताचे हिरवे पट्टे, एका ठिकाणाहून पाण्याची धार सुटलेली आणि ती अर्ध्यातच विरून जात होती. आणि खाली कोकण नव्हतं, ढग होते, दुधावर साय धरते तसे, हलत नव्हते. डॉक्टर खाली बसला. माझं तर वज्र-बिज्र विसरायलाच झालं. काल मी हनुवटी बाहेर काढून पडलो होतो ती जागा नीट बघितली आणि पाय लटलट कापले, म्हटलं बरं झालं काल दिसत नव्हतं.

पण ऊन नव्हतं. पूर्वेला ढगाचा एकच पट्टा, लांबलचक, आणि सूर्य बरोब्बर त्याच्या मागे. साडेसात. पावणेआठ. कड्यावर आणखी दोन ग्रुप, मिळून पंधरा-वीस माणसं, आणि सगळ्यांची तोंडं दरीकडे नाहीत, मागे, सूर्याकडे. दादा एकटा दरीकडे बघत होता. खालची साय हलायला लागली होती, वर चढत होती. म्हणजे ऊन उशिरा आलं तर ढगच आमच्या डोक्यावरून जाणार आणि कालचा खेळ परत.

आठ वाजून गेल्यावर पाठीला ऊब लागली. मी ती ओळखली आणि नेमक्या त्याच वेळी खालून धुक्याचा एक लोट वर आला आणि माझा चष्मा पूर्ण पांढरा. मायनस साडेचार नंबर. मी चष्मा काढून पुसायला बनियन शोधतोय, पोंचो, जॅकेट, टीशर्ट, बनियन आत कुठेतरी चौथ्या थरात, आणि भाचा ओरडला "मामा!!"

चष्मा हातात तसाच ठेवून वर बघितलं. धुक्यावर एक काळी आकृती, लांब, पाय खूप मोठे आणि डोकं लहान, आणि डोक्याभोवती रंगाचं कडं. बाहेर तांबूस, आत निळसर, बाकीचे रंग मला माझ्या नंबरमुळे एकमेकांत मिसळलेले दिसत होते, पाण्यात ब्रश धुतल्यावर दिसतात तसे. मी हात वर केला. आकृतीने हात वर केला. बस, तेवढंच. दहा सेकंद, फार तर बारा. मग कड्याच्या खालून आणखी एक लोट आला, सगळं पांढरं, आणि ऊन गेलं.

नंतर वाद. डॉक्टर म्हणे वलयाच्या मध्ये मी होतो, माझी टोपी स्पष्ट दिसली. भाचा म्हणे अजिबात नाही, मध्ये मी होतो. मी म्हटलं माझाच हात वर गेला. तिघंही खरं बोलत होतो, कारण ही चीजच तशी आहे, धुक्याचे बारीक थेंब प्रकाश परत सूर्याच्याच दिशेला फेकतात, त्यामुळे ज्याचे डोळे त्याच्याच डोक्याभोवती कडं. शेजाऱ्याची सावली दिसते पण वलय त्याला नसतं. वीस माणसं उभी होती म्हणजे वीस वज्रं झाली आणि प्रत्येकाला एकच दिसलं. दादाला विचारलं तुला? "मला रोजचंच हाय," म्हणाला आणि मग जरा थांबून, "म्हंजी रोज नाय. औंदा दुसऱ्यांदा."

साडेनऊपर्यंत बसलो, परत नाही. दहाला देवळापाशी, साडेदहाला पाऊस. उतरताना सुतळी दोनदा तुटली, शेवटचा टप्पा बूट हातात घेऊन. पाचनईत जेवलो, बाबांना सांगितलं दिसलं, ते म्हणाले "आन पाऊस बी आला," म्हणजे दोघांचंही काम झालं. मावशींनी काळभात पिशवीत बांधून दिला, पैसे घेईनात, शेवटी डॉक्टरने त्यांचा दुखरा दात ओसरीवर बसवून टॉर्चने बघितला, राजूरला कुणाकडे जायचं ते सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या, मग हिशोब बरोबरीत सुटला.

राजूरला अर्धा किलोचे एक किलो झाले. कसाऱ्याहून लोकलमध्ये बसेपर्यंत भाच्याने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता. फोटो मात्र एक नंबर आलाय, धुकं, त्यात कडं, रंग सगळे सुटे सुटे, आणि मधोमध त्याची सावली, हातात मोबाईल धरलेली. वासिंदच्या आसपास माझ्या बहिणीचा मेसेज आला, "वा!! पण मामा कुठाय?"

भाच्याने फोटो मोठा केला, डावीकडे, वलयाच्या बाहेर, एक जाडसर सावली, एक हात वर आणि दुसरा हात पोंचोच्या आत.

"हा काय," त्याने लिहिलं, "बनियन शोधतोय."